तुम्हालाही थायरॉइड आहे! मग टीएसएच वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं?

या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा ज्यांच्या गावात रेंज गेली की ऑडिओ अडकतो, त्यांच्यासाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'ओके' आणि 'तर' थोडे कमी केलेत. ऑडिओत मागे जी घरघर ऐकू येते ते सोयाबीनचं मळणी यंत्र आहे. कामरगावात सध्या हंगाम चालू आहे, त्याला माझा इलाज नाही.

आजचा विषय थायरॉइड. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे म्हणतात ना, "तिला थायरॉइड आहे"? तर मंडळी, थायरॉइड तुम्हालाही आहे. मलाही आहे. शेजारच्या काकांनाही आहे. थायरॉइड हे आजाराचं नाव नाही, गळ्यातल्या एका ग्रंथीचं नाव आहे. प्रश्न असतो तो एवढाच, की ती ग्रंथी काम कमी करते, जास्त करते, की बरोबर करते.

हा भाग करायचं कारण माझी ताई आहे. तिला विचारूनच सांगतोय.

ताईची गोळी

ताईला दोन वर्षांपूर्वी थायरॉइड कमी काम करत असल्याचं निदान झालं. रोज सकाळी ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. गेल्या वर्षी लग्न झालं, दर्यापूरला गेली. या फेब्रुवारीत रक्त तपासलं, टीएसएच २.६. एकदम नॉर्मल. घरात आनंद. मावशी म्हणाली, "रिपोर्ट नॉर्मल आला ना बाई, मंग गोयी काहून खातं? सवय लागून जाईन."

आम्हा सगळ्यांना ते पटलं. मला पण पटलं, हे मुद्दाम सांगतो. ताप उतरला की आपण क्रोसिन बंद करतो, तसंच. ताईनं मार्चमध्ये गोळी बंद केली. एप्रिल गेला, मे गेला, काही झालं नाही. उलट "बघ, उगाच खात होती" असं सगळे म्हणाले.

राखीला ती घरी आली तेव्हा सातवा आठवडा चालू होता. दिवस गेलेले. चेहरा सुजलेला, दिवसभर झोप, ऑगस्टच्या उकाड्यात पंखा बंद कर म्हणायची. आई म्हणाली, "दिवसात असं होतेच." कारंजाला डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी कोणती गोळी चालू होती का?" दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. टीएसएच १६.४.

आणि तिथे मी एक मूर्खासारखं वाक्य बोललो. म्हटलं, "मॅडम, म्हणजे थायरॉइड वाढलंय ना? मग वाढवायची गोळी कशाला?"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बस. समजावून सांगते." त्यांनी जे सांगितलं, आणि नंतर मी जे वाचलं, ते आजच्या भागात.

आधी ग्रंथी शोधू

आरशासमोर उभे राहा, हातात पाण्याचा पेला घ्या. मान थोडी मागे करा आणि एक घोट गिळा. गळ्यावर जे टणक हाड वर-खाली होताना दिसतं ते स्वरयंत्राचं कूर्च, म्हणजे कंठमणी. त्याच्या खाली, छातीच्या हाडाच्या थोडं वर, श्वासनलिकेला समोरून मिठी मारून बसलेली असते ती थायरॉइड. दोन पंख आणि मध्ये एक पट्टी, म्हणून तिला फुलपाखरू म्हणतात. एकेक पंख साधारण चार-पाच सेंटीमीटर उंच. सगळं मिळून वजन २० ग्रॅमच्या आसपास.

ती श्वासनलिकेला पातळ पडद्यानं बांधलेली असते, म्हणून गिळताना श्वासनलिकेबरोबर वर सरकते. डॉक्टर गळा तपासताना "पाणी प्या" म्हणतात ते यासाठी. गळ्यातली गाठ गिळताना वर सरकली, तर ती थायरॉइडची असण्याची शक्यता जास्त. निरोगी थायरॉइड बहुतेकांना दिसत नाही, हाताला सहज लागतही नाही. तेव्हा काही दिसलं नाही तर घाबरू नका.

तिच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुतेकांत चार, वेगळ्या ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. शेजारूनच आवाजाची नस जाते. म्हणून थायरॉइडचं ऑपरेशन हे नाजूक काम. स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी ते सुरक्षित केलं, आणि थायरॉइडवरच्या कामासाठी त्यांना १९०९ साली नोबेल मिळालं.

आतला कारखाना

सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर थायरॉइड म्हणजे असंख्य छोट्या पिशव्या. प्रत्येक पिशवीच्या कडेनं पेशींची एक रांग, आणि आत जेलीसारखा चिकट पदार्थ. पेशी कामगार, जेली गोदाम.

कच्चा माल दोनच. एक, टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल, जे प्रथिनांतून मिळतं. दुसरा, आयोडीन. रक्तात आयोडीन अगदी थोडं असतं, पण या पेशींकडे ते ओढून घेणारा पंप असतो. रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आयोडीन त्या आत साठवतात. शरीरात आयोडीनची एवढी हावरट दुसरी ग्रंथी नाही.

आयोडीनचे चार अणू जोडले की तयार होतो टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन. तीन अणू जोडले की टी-थ्री. ग्रंथी बनवते मुख्यतः टी-फोर. पण पेशींमध्ये जाऊन खरं काम करतो टी-थ्री. मग लिव्हर, किडनी, मेंदू वगैरे ठिकाणी टी-फोरमधला एक अणू काढून त्याचा टी-थ्री केला जातो. टी-फोर म्हणजे पोत्यातला गहू समजा, आणि टी-थ्री म्हणजे दळलेलं पीठ. लागेल तसं दळायचं.

आता एक महत्त्वाचा मुद्दा, ताईच्या गोष्टीत पुढे लागेल. ग्रंथीच्या गोदामात निरोगी माणसाला दोन-तीन महिने पुरेल एवढा माल असतो. आणि रक्तातला टी-फोर अर्धा व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. म्हणजे हा प्रकार सावकाश चालतो. बिघडतोही सावकाश, सुधारतोही सावकाश.

हे हार्मोन करतं काय?

थोडक्यात सांगायचं तर शरीराचा वेग ठरवतं. पेशी किती अन्न जाळणार, किती उष्णता तयार करणार, हृदय किती जोरात धडधडणार, आतडी किती लवकर पुढे ढकलणार, पाळी कशी येणार, सगळ्यावर याचा हात.

हार्मोन कमी पडलं की सगळं मंद. थकवा, झोप, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणं, पाळीत जास्त रक्तस्राव, नाडी हळू, थोडं वजन वाढणं. थोडं, बरं का. वीस-पंचवीस किलोंचं सगळं खापर थायरॉइडवर फोडता येत नाही.

हार्मोन जास्त झालं की उलटं. छातीत धडधड, हाताला कंप, घाम, उकाडा सहन न होणं, भरपूर खाऊनही वजन उतरणं, झोप न लागणं.

पण वेग हा अर्धाच भाग. दुसरं काम घडवण्याचं. पावसाळ्यात आपल्याकडे डबक्यात बेडकाची पिल्लं वळवळताना पाहिली असतील, शेपटीवाली. १९१२ साली गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञानं अशा पिल्लांना प्राण्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. ती वेळेच्या खूप आधीच, आकारानं चिमुकली असतानाच बेडूक व्हायला लागली. उलट, थायरॉइड हार्मोन मिळालंच नाही तर पिल्लू वाढत राहतं पण बेडूक होत नाही.

माणसाच्या बाळाचा मेंदू घडण्यातही या हार्मोनचा मोठा वाटा आहे. आणि इथेच ताईची गोष्ट गंभीर होते.

टीएसएच म्हणजे हाक

मी विचारलेला प्रश्न आठवतो ना? टीएसएच वाढलं, मग थायरॉइड कमी कसं?

टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होतच नाही. ते तयार होतं मेंदूच्या खाली लटकलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीत. ते थायरॉइडला दिलेली ऑर्डर असते, "माल बनव." पिट्यूटरी सतत रक्तातलं थायरॉइड हार्मोन मोजत असते. कमी वाटलं की ऑर्डर वाढवते. पुरेसं झालं की कमी करते. पिट्यूटरीच्याही वर मेंदूतला हायपोथॅलॅमस बसलेला असतो, तो तिला इशारे देतो.

मॅडमनी मला असं समजावलं. "आई स्वयंपाकघरातून हाक मारते. तू पहिल्या हाकेला उठलास तर ती हळूच बोलते. तू मोबाइलमध्ये गुंग असलास तर?" म्हटलं, ओरडते. "मग आईचा आवाज वाढला म्हणजे तू जास्त काम करतोयस का?"

संपला विषय. टीएसएच म्हणजे आईची हाक. हाक मोठी म्हणजे ऐकणारा सुस्त. हाक जवळजवळ बंद म्हणजे ऐकणारा गरजेपेक्षा जास्तच धावतोय, आता त्याला थांबवायला पाहिजे. टीएसएच जास्त, तर बहुतेक वेळा थायरॉइड कमी. टीएसएच अगदी कमी, तर बहुतेक वेळा थायरॉइड जास्त.

ही हाक फार हळवी असते. टी-फोर थोडा जरी घसरला तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढतं. म्हणून डॉक्टर आधी टीएसएच बघतात. मोठ्या माणसात ते साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असतं. लॅबनुसार आकडे थोडे बदलतात, गरोदरपणात वेगळे धरतात.

मग फेब्रुवारीचा रिपोर्ट नॉर्मल का होता?

कारण ताई गोळी घेत होती. एवढंच. गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन हे रचनेनं अगदी तेच टी-फोर आहे, जे ग्रंथी स्वतः बनवते. ते इंग्रजी औषध, गरम औषध, सवय लावणारं औषध, असं काही नाही. घरची विहीर आटली म्हणून टँकर मागवला, टाकी भरली. टाकी भरलेली दिसली म्हणून टँकर बंद केला, तर विहिरीला पाणी येणार आहे का? आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

ताईची विहीर आटण्याचं कारण हाशिमोटो. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं. आपलीच रोगप्रतिकारशक्ती थायरॉइडला परकी समजते आणि वर्षानुवर्षं पोखरत जाते. हे बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त.

आणि एप्रिल-मेमध्ये काही झालं नाही, त्याचं कारण आधीच सांगितलं. टी-फोर हळू उतरतो, आणि ताईची ग्रंथी थोडंफार काम अजून करत होती. शरीर हळूहळू मंद होतं आणि आपल्याला ते कळतच नाही. थकवा आला तर आपण उन्हाला दोष देतो.

एक प्रामाणिक खुलासा. प्रत्येकाला गोळी जन्मभर लागतेच असं नाही. काहींचा बिघाड तात्पुरता असतो, उदाहरणार्थ बाळंतपणानंतर होणारा. पण ते डॉक्टर तपासून ठरवतात. मावशी ठरवत नाही, आणि मीही नाही.

पहिले तीन महिने

पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमाराला हार्मोन बनवायला लागते. पूर्ण भरात यायला आणखी काही आठवडे जातात. तोपर्यंत बाळाचा मेंदू आईच्या टी-फोरवर अवलंबून असतो. म्हणजे आईला दोघांपुरतं बनवावं लागतं. म्हणून आधीपासून गोळी चालू असलेल्या बायकांचा डोस दिवस गेल्यावर बहुतेक वेळा वाढवावाच लागतो, साधारण पाव पट किंवा थोडा जास्त.

आणि आमची ताई नेमकी त्याच वेळी गोळीशिवाय.

मॅडम म्हणाल्या, "सातव्या आठवड्यात कळलं हे चांगलं झालं. आजपासून सुरू करू, दर चार आठवड्यांनी तपासू." त्यांनी भीती घातली नाही आणि खोटा धीरही दिला नाही. घरी येताना गाडीत कुणीच बोललं नाही. मावशी नंतर आईपाशी रडली.

आयोडीनची हाव

मी मॅडमना अजून एक विचारलं होतं, "आयोडीनचं मीठ जास्त खाल्लं तर?" उत्तर, नाही. ताईला आयोडीन कमी पडलं नव्हतं, तिचा कारखानाच मोडलाय. हाशिमोटोमध्ये जास्तीचं आयोडीन उलट त्रास देऊ शकतं.

पण कारखाना चांगला आणि कच्चा माल नाही, असंही होतं. तेव्हा पिट्यूटरी हाका मारत राहते, आणि ग्रंथी बिचारी काम करता यावं म्हणून आकारानं वाढते. तोच गलगंड. हिमालयाच्या पायथ्याशी तो घरोघरी असायचा. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनचं मीठ दिलं, एका भागात साधं मीठ. आयोडीनवाल्या भागांत गलगंड ठळकपणे कमी झाला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज खाण्यासाठी विकलं जाणारं मीठ आयोडीनयुक्त असणं कायद्यानं बंधनकारक आहे, दुकानात मिळणाऱ्या मिठात एका ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईची २५०. काही आयोडीन दूध, अंडी, मासे यांतूनही मिळतं. तेव्हा मीठ वाढवू नका, फक्त आयोडीनचं वापरा आणि झाकण लावून कोरडं ठेवा. इन्स्टावर बघून सगळा स्वयंपाक सैंधवात करणाऱ्यांनी पाकीट उलटून बघा, त्यात आयोडीन आहे का ते.

ग्रंथीची हीच हाव मुंबईत औषध म्हणून वापरली जाते. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासून. तिथे थायरॉइड जास्त काम करणाऱ्यांना आणि थायरॉइडच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन देतात, आयोडीन-१३१. ग्रंथीला साधं आयोडीन आणि हे आयोडीन यांतला फरक कळत नाही. ती हावरटपणे ते ओढून घेते. त्यातून निघणारे बीटा किरण एक-दोन मिलिमीटरच जातात, त्यामुळे मुख्यतः तिथल्याच पेशी मरतात. दर आठ दिवसांनी त्याची ताकद अर्धी होते. गरोदर बाईला मात्र हे कधीच देत नाहीत, कारण बाळाची ग्रंथीही तितकीच हावरट असते. उपचारानंतर अनेकांची थायरॉइड मंद होते, आणि मग त्यांनाही तीच गोळी लागते जी ताईला लागते.

गोळी घेताना

हे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्धा ते एक तासानंतर. हो, चहासुद्धा.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी यापासून किमान चार तास लांब. गरोदर बायकांना या दोन्ही गोळ्या मिळतातच, आणि सोय म्हणून सगळ्या एकदम गिळल्या जातात. मग थायरॉइडची गोळी पोटातच अडकते, रक्तात नीट जात नाही. आमच्या ताईचंही पहिल्या महिन्यात हेच झालं.

सोयाबीनमुळेही गोळी नीट शोषली जात नाही. आपण सोयाबीन पिकवतो ते बाजार समितीत विकायला, पण सोया वड्या किंवा सोया पावडर खात असाल तर गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा.

बाटली कोरड्या जागी ठेवा. डोस बदलला की टीएसएच लगेच तपासून उपयोग नाही, साधारण सहा ते आठ आठवडे थांबायचं. गरोदरपणात मात्र डॉक्टर लवकर तपासतात.

आणि दिवस गेल्याचं कळलं की, गोळी चालू असो की मध्येच सोडलेली असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगायचं.

भारतातल्या आठ शहरांत केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात मुंबई आणि गोवाही होते. मोठ्या माणसांपैकी जवळपास ११ टक्क्यांमध्ये थायरॉइड कमी काम करत होतं, आणि त्यातल्या अनेकांना ते माहीतच नव्हतं. म्हणजे हे ऐकणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात ती छोटी बाटली असेल. आज संध्याकाळी आईला, वहिनीला, ताईला एवढंच विचारा, "गोळी चालू आहे ना? कशासोबत घेतेस?"

ताईचं विचाराल तर, चार आठवड्यांनी टीएसएच ४.८ आलं. लोहाची गोळी रात्री हलवली, डोस थोडा वाढवला. परवा आलं २.१. आता पंधरावा आठवडा चालू आहे. बाळ मार्च-एप्रिलच्या आसपास यायचंय. जन्मल्यावर त्याचीही थायरॉइड तपासायची, हे मॅडमनी फाइलवर आत्ताच लिहून ठेवलंय.

२.१ चा मेसेज आला तेव्हा मावशी आमच्याकडेच होती. तिनं मोबाइल हातात घेतला, आकडा पाहिला, आणि ताईला फोन लावून म्हणाली, "नॉर्मल आलं बाई. आता गोयी बंद नको करजो."

हा भाग इथेच. मी डॉक्टर नाही, तेव्हा डोसचे प्रश्न मला विचारू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. बाकी काही चुकलं असेल तर नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत मळणीही आटोपलेली असेल!